पावडर कोटिंगसाठी न्यूट्रल लिक्विड क्लीनर: घ्यावा का?

जरूर घ्यावा. पीएच 7 च्या आसपासचा (ना आम्ल, ना अल्कली), खरखरीत कण नसलेला क्लीनर या कोटिंगला, म्हणजे धातूवर भुकटी फवारून भाजून बसवलेल्या रंगाच्या थराला, मानवतो. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवा, नाहीतर तीच फडक्याखाली पॉलिश पेपरसारखी घासते. मग लेबलवरच्या प्रमाणात पातळ करून मायक्रोफायबर फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि फेस वाळायच्या आत धुवा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नका, डाग बसतात. चिवट ग्रीस मात्र याने पूर्ण निघत नाही, ही याची खरी उणीव. तरीही थिनर, ॲसिटोन नकोच! त्यांनी कोटिंगचा साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ) थर मऊ पडतो, चमक जाते. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर बहुधा ती उन्हाने झालेली झीज. दोष क्लीनरचा नाही.