वेस्टसेल ३२ की कॅटलिना ३०?

जुनी क्रूझर, म्हणजे मुक्काम करत हिंडायची शिडाची नौका, घ्यायची ठरली की लोक मला सगळ्यात आधी वेस्टसेल ३२ चे फोटो पाठवतात. साहजिक आहे. पुढे लांबलचक बोस्प्रिट (नौकेपुढे आलेला दांडा), मागची बाजूही पुढच्यासारखीच निमुळती, डोलकाठीपुढे कटरची दोन शिडं. बघणारा मनातल्या मनात अटलांटिक ओलांडून मोकळा होतो. मग मी विचारते, समुद्रावर जाणार कधी? "शनिवार-रविवार, जमेल तसं." अशा माणसाला मी कॅटलिना ३० बघायला सांगते आणि त्याचा चेहरा पडतो.

दोन्ही मी चालवल्या आहेत, दोन्हींवर मुक्काम केला आहे. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, कॅलिफोर्नियात बांधलेल्या, फायबरग्लासच्या. लांबीत जेमतेम दोन फुटांचा फरक. वजन मात्र बघा. वेस्टसेल १९,५०० पौंड, म्हणजे ८,८०० किलोच्या वर, आणि कॅटलिना १०,२०० पौंड, म्हणजे ४,६०० किलोच्या आसपास. पुढचे बहुतेक फरक या एका आकड्यातून निघतात.

सात-आठ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाऱ्यात कॅटलिना खुशीत चालते. साधारण ४४६ चौरस फूट शीड, खाली फिन कील, म्हणजे तळाला जोडलेलं आखूड, वजनदार पातं; सुकाणू फिरवलं की लगेच वळते. त्याच वाऱ्यात वेस्टसेल ढिम्म. तिचं शीड ६२९ चौरस फूट आहे, पण ओढायचं ओझंही त्याहून जास्त पटीने वाढलेलं. थट्टेखोर लोक तिला गोगलगाय म्हणतात ते याच वाऱ्यातल्या चालीवरून. गंमत म्हणजे कागदावर वेस्टसेलच वेगवान ठरते: तिची पाण्याच्या रेषेवरची लांबी साडेसत्तावीस फूट, कॅटलिनाची पंचवीस, त्यामुळे हलचा (नौकेच्या कवचाचा) कमाल वेग वेस्टसेलचा सुमारे ७ नॉट, कॅटलिनाचा ६.७. फक्त त्या सातपर्यंत पोचायला वाराही तसाच लागतो.

तो वारा आला की पारडं फिरतं. वीस नॉटच्या पुढे, समोरून आखूड उभ्या लाटा येत असताना कॅटलिनाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धाडकन पाण्यावर आपटते, खालची भांडी खणखणतात आणि सुकाणूवरचा माणूस तासाभरात कंटाळतो. वेस्टसेल लाट फोडून पुढे जाते. पुढचं मोठं शीड (जिब) उतरवायचं, त्यामागचं लहान स्टेसेल आणि रीफ केलेलं, म्हणजे गुंडाळून आखूड केलेलं, मुख्य शीड (मेन) ठेवायचं, टिलर (सुकाणूचा दांडा) दोरीने बांधायचा, की ती आपली आपण वाट धरते. अशाच एका रात्री पहाऱ्यावर असताना मी ओट्याशेजारी चहाचा मग ठेवला आणि वर जाऊन दिवे बघून आले. तो मग जागचा हलला नव्हता. चहा हलला असेल, पण शिंतोडासुद्धा नाही. कॅटलिनावर तोच मग मी हातातून सोडला नसता.

वेस्टसेलवाले भेटले की सटोरी नावाच्या वेस्टसेल ३२ ची गोष्ट निघतेच. ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस उत्तर अटलांटिकातल्या भयंकर वादळात अमेरिकी तटरक्षक दलाने या नौकेवरच्या माणसांना उतरवून घेतलं. रिकामी सटोरी पुढे मेरीलँडजवळच्या असाटीग बेटाच्या किनाऱ्याला लागलेली सापडली, आणि नंतर पुन्हा पाण्यातही गेली. गोष्ट खरी आहे, ऐकून मान डोलवावी अशीच आहे. पण दुपारी गजबजलेल्या मरिनात (नौका लावायच्या बंदरात) परतताना ती कामाला येत नाही. लांब कीलची ही नौका रिव्हर्समध्ये कुठे जाईल ते तिचं तीच ठरवते, आणि पुढे तो बोस्प्रिट शेजाऱ्याच्या रेलिंगवर रोखलेला. कॅटलिना मात्र एकटी बाई आरामात लावू शकते.

आतल्या जागेबद्दल फार बोलायला नको. कॅटलिनात ताठ उभं राहता येतं, टेबलाभोवती चार-पाच जण जेवतात, कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, पाहुणे मावतात. वेस्टसेलचा कॉकपिट इतका लहान की पाहुणे अवघडतात. मात्र लाट आत आलीच तर तेवढंच कमी पाणी साचतं, आणि आतल्या कपाटांत महिनोन्महिन्यांचं सामान जातं.

विकत घेताना मात्र दोन्हीकडे डोळे उघडे ठेवा. कॅटलिना उचलून बाहेर काढा आणि कील जिथे हलला जोडली आहे, त्या सांध्याचा पुढचा भाग बघा. तिथे वक्र भेग दिसली तर तिला मालक मंडळी लाडाने 'स्माइल' म्हणतात. जुन्या हलमध्ये कीलच्या वरच्या बुंध्यात प्लायवूड घातलेलं असे. पाणी शिरलं की ते कुजतं आणि बोल्ट कितीही आवळले तरी ढिले पडतात. बिल्जमध्ये (नौकेच्या आतल्या तळाशी) बोल्टशेजारी गंजाचे ओघळ आहेत का, तेही बघा. शिवाय डेकमधून आत येणाऱ्या चेनप्लेटच्या, म्हणजे डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, खालचं लाकूड.

वेस्टसेलच्या चेनप्लेट हलच्या बाहेरून बोल्ट केलेल्या असतात, त्यामुळे तपासणी सोपी. तिची डोकेदुखी वेगळी. बऱ्याच नौका अर्धवट बांधून किट म्हणून विकल्या गेल्या आणि आतलं काम ज्याने त्याने घरी केलं. कुणी सुतार होता, कुणी नुसता उत्साही. त्यामुळे "वेस्टसेल कशी असते" याला उत्तर नाही. समोरची कशी आहे तेच विचारा. प्रत्येक फळी उचला, वायरिंग कुठून कुठे गेलंय ते बोट ठेवून बघा. बोस्प्रिट लाकडी असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टोकापासून बुडापर्यंत ठोकत या. आवाज बद्द झाला की तिथे थांबा.

किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करायच्या, मुलांना शिकवायचं, तर कॅटलिना घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला नांगर, साखळी आणि मेनला दुसरा रीफ करून घ्या. नोकरी सोडून वर्षानुवर्षं समुद्रावर राहायचं खरंच ठरलं असेल तर वेस्टसेल. पण चार्टप्लॉटरच्या (पडद्यावर समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या) आधी हलक्या वाऱ्याचं एक मोठं, पातळ शीड शिवून घ्या. नाहीतर उष्ण कटिबंधातल्या पडलेल्या वाऱ्यात दिवसभर इंजिनच ऐकत बसाल.