इंजिन चालू असताना 'ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडालाय' म्हणून ६८,२०० रुपये काढले

डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेकची यंत्रणा), स्टिअरिंग आणि इंजिनचे दिवे एकदम लागले, काटा शून्यावर पडला, की गॅरेजवाल्याला कळतं की गिऱ्हाईक घाबरलेलं आहे. पुढचं त्याला सोपं जातं. पुण्यातल्या एका मल्टिब्रँड गॅरेजने माझ्या २०१६च्या डिझेल गाडीवर हाच डाव टाकला. दुसऱ्या कुणाला असं लुटू नये म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

स्कॅनर लावला. यू ०१००, यू ०१२१, यू ०१४० असे बिघाडाचे कोड आले. मालक म्हणाला, "साहेब, ईसीएम उडालाय, पाणी गेलंय." ईसीएम ३८,५००, कोडिंग (तो गाडीशी जुळवण्याचं काम) ६,५००. बसवल्यावर दिवे गेले. मग एक जोराचा पाऊस झाला आणि सगळे परत. आता म्हणे एबीएस मॉड्यूल (ब्रेकचा कंट्रोल बॉक्स): १९,०००. मजुरी ४,२००. एकूण ६८,२००. यातले ३०,००० यूपीआयने, तेही मालकाच्या खासगी नंबरवर; बाकी रोख. "बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल" असं सांगून हातात दिली ती कच्ची चिठ्ठी.

मला रात्री झोप लागत नाही ती एका गोष्टीमुळे. गाडी मी स्वतः चालवत त्या गॅरेजात नेली होती. कॉमन रेल डिझेल इंजिनात ईसीएमने हुकूम दिल्याशिवाय इंजेक्टर डिझेलचा थेंबही सोडत नाही. ईसीएम मेला असता तर गाडी जागेवरून हललीच नसती. आणि त्याच्याच स्कॅनरवर, माझ्या डोळ्यांसमोर, इंजिनचे फेरे ८५० आणि पाण्याचं तापमान ८६ अंश दिसत होतं. हे आकडे ईसीएमशिवाय दुसरं कोण देणार? मी स्क्रीनकडे बघत होतो आणि तो 'मेलाय, मेलाय' म्हणत होता.

मी अडाणी नाही. पण स्टिअरिंग मध्येच जड होत होतं, मागे आई आणि मुलगी बसलेल्या, आणि समोरचा माणूस वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतोय. अशा वेळी कोण उलटतपासणी घेईल?

कोड वाचताना एवढं लक्षात ठेवा: यू ०१०० म्हणजे 'ईसीएमशी संपर्क तुटला' अशी दुसऱ्या मॉड्यूलने केलेली तक्रार. ईसीएम बिघडला असा त्याचा अर्थ होत नाही. यू ०१२१ एबीएसबद्दल, यू ०१४० बीसीएमबद्दल (दिवे, काचा, लॉक सांभाळणारं मॉड्यूल), तेही तसंच. तक्रार कुठल्या मॉड्यूलमध्ये नोंदली गेली ते आधी विचारा. एकाच वेळी तीन-चार मॉड्यूल हरवले असतील तर सगळे एकदम जळण्यापेक्षा त्यांना जोडणारी वायर, अर्थिंग, फ्यूज किंवा उतरलेली बॅटरी यांचाच संशय आधी घ्यायला हवा.

शेवटी चिंचवडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी बघितली. त्याने बॅटरीची तार काढली, थोडा वेळ थांबला आणि स्टिअरिंगखालच्या स्कॅनर सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावला. कॅनच्या (सगळी मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जोडणीच्या) दोन वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून तिथे साधारण ६० ओहम यायला पाहिजेत. आले १२०. म्हणजे एक टोक सुटलेलं. (शून्याच्या जवळ आले असते तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकलेल्या. काही गाड्यांत सॉकेट आणि या वायरींच्या मध्ये गेटवे नावाचं वेगळं मॉड्यूल असतं, तिथे हा हिशोब लागू पडत नाही.) डावीकडच्या पायाखालचा गालिचा उचलला, तर खालच्या जोड-कनेक्टरमध्ये पाणी जाऊन कॅन लोची (त्या दोन वायरींपैकी एकीची) पिन गंजून हिरवी पडलेली. वायर हलवली की ६०, सोडली की १२०. गॅरेजातल्या हलवाहलवीने तात्पुरता संपर्क जुळायचा, म्हणूनच 'नवा' ईसीएम चालल्यासारखा वाटला. पिना बदलल्या, १,८०० रुपये घेतले, पक्कं बिल दिलं.

त्यानेच 'नव्या' ईसीएममधला चेसिस नंबर वाचून दाखवला. तो माझ्या गाडीचा नाही. कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचा ईसीएम मला ३८,५००ला विकला! माझा चांगला ईसीएम 'एक्स्चेंजमध्ये जमा केला' म्हणून परत दिलाच नाही. काढलेला पार्ट तुमच्या मालकीचा आहे. काम सुरू होण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो काढा.

पोलीस चौकीत गेलो. "ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकलाय, माझा पार्ट ठेवून घेतलाय, यात दिवाणी काय? "साहेब बंदोबस्तात आहेत, नंतर या." नंतर गेलो तर वेगळे हवालदार, पहिल्यापासून तीच कहाणी, आणि शेवटी अर्जावर पोच द्यायलाही नकार. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, क्रमांक दिला. मग 'समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, आयोगाकडे जावे' असं कळवून बंद केली. लुबाडणारा उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद! जिल्हा ग्राहक आयोगाच्या खिडकीवर पहिला प्रश्न काय, तर बिल आहे का? अरे, बिल दिलं नाही हीच तर माझी तक्रार आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. हे खिडकीतल्या माणसाला मी सांगायचं?

तुमच्यावर वेळ आली तर: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, कच्ची चिठ्ठी, सगळं जपा. रोख देऊच नका. आणि मॉड्यूल बदलायचं म्हणणाऱ्याला आधी मल्टिमीटर लावायला सांगा. टाळाटाळ केली तर गाडी टोइंग करून दुसरीकडे न्या.

मी तक्रार दाखल केली आहे. सोबत चिंचवडच्या इलेक्ट्रिशियनचं लेखी निवेदन आणि परक्या चेसिस नंबरच्या स्क्रीनचा फोटो जोडला आहे. मागणी ६८,२०० रुपयांची आणि माझ्या मूळ ईसीएमची.