सदुसष्टाव्या वर्षी घेतलेली बिनदांड्याची सायकल: चौदा महिन्यांचा अनुभव

ही सायकल घेऊन चौदा महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर रंगाचं आणि गिअरचं कौतुक करून थांबलो असतो. दोन हिवाळे, एक उन्हाळा, नाशिकचा एक अख्खा पावसाळा आणि ३,६०० किलोमीटर झाल्यावर सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लहानपणी गावाकडे दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. पुढे सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं बावीस इंची काळ्या सायकलवर ये-जा केली. निवृत्तीनंतरही भाजी, दूध, बँक सगळं तिच्यावरच. मग एका सकाळी मखमलाबाद नाक्यावर थांबलो असताना उतरायला गेलो, उजवा पाय कॅरिअरवरच्या भाजीच्या पिशवीत अडकला आणि सायकलसकट डाव्या कुशीवर पडलो. हाड वाचलं, पण मनगट दीड महिना बांधलेलं होतं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: आता पुरे.

त्या दीड महिन्यात बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी सायकल चालवताना पडलोच नव्हतो. उभ्या सायकलवरून उतरताना पडलो होतो. ओळखीच्या तीन-चार जणांना विचारलं, त्यांनी सायकल का सोडली? दम लागतो म्हणून सोडलेला एकच निघाला. बाकीच्यांना मागून टांग टाकणं जमेनासं झालं होतं. कमरेचा आणि खुब्याचा सैलपणा आधी जातो, पायडल मारायची ताकद फार नंतर जाते. आणि आपण पहिलं गेलं म्हणून दुसरंही सोडून देतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून फ्रेम बिनदांड्याची घेतली. दुकानात तिला लेडीजच म्हणतात. दुकानदाराने 'मॅडमसाठी का?' विचारलं, मी 'माझ्यासाठी' म्हटलं आणि विषय संपला. पाय उचलून पुढून आत घालायचा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहायचं, मग निघायचं. चौदा महिन्यांत चढता-उतरताना एकदाही तोल गेला नाही. ही एकच गोष्ट मिळाली असती तरी २३,५०० रुपये वसूल झाले असं मी म्हणेन.

गिअरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी तीन महिने चूक करत होतो. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चक्रं, मागे १४ ते २८ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा सात चक्रांचा संच. जुन्या सवयीने मी जड गिअर लावून सावकाश, दाबून पायडल मारायचो. काळी सायकल तशीच चालायची, तिच्यात दुसरा पर्यायच नव्हता. परिणाम असा की गिरणाऱ्यापर्यंत जाऊन आलो की संध्याकाळी जिना उतरताना गुडघे बोलायचे. हाडांच्या डॉक्टरांनी झीज आहे म्हणून सांगितलं होतं, पण सायकल बंद करू नका, दाब कमी करा, असंही ते म्हणाले होते. दाब कमी करायचा म्हणजे काय, ते मला रोबेर मार्शां यांच्याबद्दल वाचल्यावर कळलं.

हे फ्रान्सचे गृहस्थ १९११ साली जन्मले, सत्तरीच्या आसपास पुन्हा नियमित सायकलवर बसले आणि वयाच्या १०५ व्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, एका तासात २२.५४७ किलोमीटर चालवून गेले. मला त्या विक्रमापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते त्यांच्यावर झालेलं संशोधन. १०१ ते १०३ या वयात, बराचसा हलका आणि थोडा जोराचा असा सराव करून त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १३ टक्क्यांनी वाढली. पायांची ताकदही वाढलेली दिसली, पण ती मुख्यतः पायडलच्या वेगातून आली: मिनिटाला कमाल ६९ फेऱ्यांवरून ९०. म्हणजे जोर लावून नव्हे, तर पाय भरभर फिरवून.

मग मी मागचं फ्रीव्हील बदलून मोठं चक्र ३४ दात्यांचं असलेलं बसवून घेतलं. त्याबरोबर चेनही लांब घालावी लागली. आधी सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटरच्या थोडी वर जायची, आता पावणेदोन मीटर जाते. ऐकायला फरक छोटा आहे. पण आषाढात त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या अलीकडे समोरून वारं आणि न संपणारा चढ एकदम येतो, तिथे हा फरक गुडघ्याला कळतो. मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्या ठेवायच्या, पायांवर ओझं वाटलं की गिअर हलका करायचा. हा बदल केल्यावर दुसऱ्या महिन्यात जिना सुखाने उतरायला लागलो.

टायरच्या हवेचं असंच झालं. टायरच्या कडेला ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं, मी इमानदारीने तेवढी भरायचो आणि करंगळ्या बधिर व्हायच्या. छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. माझं वजन चौसष्ट किलो, टायर ३५ मिलिमीटरचा, आता पुढे ४५ आणि मागे ५० ठेवतो. गतिरोधकावरचा दणका मानेपर्यंत येत नाही. हँडल दोन इंच वर घेतलं, तेव्हापासून करंगळ्याही ठीक आहेत.

सीटवर जेलचं कव्हर घालू नका. मऊ वाटतं, पण अर्ध्या तासाने त्यातच रुतून जास्त दुखतं. मी ते काढून मूळ सीटपेक्षा रुंद आणि थोडी कडक सीट लावली. उंची अशी ठेवायची: टाच पायडलवर ठेवली की पाय खाली सरळ झाला पाहिजे, म्हणजे पंजाने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुकानातून आली तेव्हा माझी सीट चांगली तीन बोटं खाली होती.

आरसा मात्र पहिल्याच दिवशी लावा. मान मागे वळत नाही हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण नकळत अख्खं धड वळवतो, आणि धड वळलं की हँडलही वळतं.

तक्रारी आहेत. पाचव्या महिन्यात मागच्या चाकाचे आरे तुटायला लागले, एका पंधरवड्यात तीन. जिथून घेतली त्या दुकानात 'वजन जास्त टाकलं असेल' एवढंच उत्तर मिळालं. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या जुन्या मिस्त्रींनी चाक उतरवून सगळे आरे सारख्या ताणावर आणले, आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला, आणि तेव्हापासून एकही तुटलेला नाही. मशीनवर बांधून आलेलं चाक दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा हातावर कसून घ्यायचं असतं, हे त्यांनी सांगितलं. हे दुकानाने सांगायला हवं होतं. घोडाही, म्हणजे एका बाजूचा स्टँड, लेचापेचा होता, पिशवी भरली की सायकल आडवी व्हायची, मी दुहेरी स्टँड लावून घेतला. पावसाळ्यात डिस्क ब्रेक ओरडतात, पण थांबवतात. कमकुवत पकडीला ते रबरी ब्रेकपेक्षा बरे.

आणखी एक, सायकलविषयी प्रेम असूनही सांगायला हवं. हृदयाला, फुफ्फुसाला आणि सांध्यांना सायकल चांगली, पण हाडांवर तिच्याने भार पडत नाही, त्यामुळे हाडं मजबूत होत नाहीत. म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी चालतो आणि रोज खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठतो.

एका मित्राची मोटरवाली सायकलही आठवडाभर वापरून पाहिली. २५०वॅटची, ताशी २५ किलोमीटरपर्यंतची, तिला नोंदणी लागत नाही. ज्याला चढाची धास्ती आहे त्याने बिनदिक्कत घ्यावी. मला ती उचलून ओट्यावर चढवता येईना, म्हणून नको म्हटलं.

आमच्या नाशिकमध्ये सायकल म्हटलं की महाजन बंधू आठवतात. हितेंद्र आणि महेंद्र या दोन डॉक्टरांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यांच्यामुळे गंगापूर रोडला पहाटे सायकली दिसू लागल्या, त्याचा आनंदच आहे. मी आठवड्यातून चार दिवस पंधरा-वीस किलोमीटर चालवतो, गिरणाऱ्याला टोमॅटो भरलेल्या गाड्या बघत चहा पितो आणि ऊन तापायच्या आत घरी येतो.

गेल्या दिवाळीनंतर एक बदल झाला. माझी बायको शाळेत असताना निफाडला मैत्रिणींबरोबर सायकलने जायची, लग्नानंतर कधी बसली नव्हती. दांडा नाही म्हटल्यावर एक दिवस तिने गल्लीत एक चक्कर मारली, मग कॉलनीला, आता दुपारी वाचनालयात जाते. तिची सीट माझ्यापेक्षा चार बोटं खाली लागते. दर वेळी मोजायला नको म्हणून तिने सीटच्या नळीवर नेलपॉलिशच्या दोन रेघा ओढल्या आहेत, वरची माझी, खालची तिची.