शहर बसचं अनुदान घटलं तर काय कापायचं? कोकणातल्या छोट्या शहरांसाठी तुलना

शहर बसच्या तुटीचा विषय सभेपुढे आला की सूचना ठरलेल्या असतात. फेऱ्या कमी करा, भाडं वाढवा, कंत्राटदाराकडे द्या, नाहीतर सरळ बंद करा, रिक्षा आहेतच. या चार वाटांशिवाय एक चोरवाटही आहे. तिचा ठराव कधी होत नाही, पण पैसा आटला की सर्वात आधी तीच धरली जाते: देखभाल पुढे ढकलणे. रत्नागिरीसारख्या शहरात निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांसाठी आणि त्यांना जाब विचारणाऱ्या प्रवाशांसाठी हा आढावा आहे.

आधी ट्रामकडे बघू, कारण पैसा आटल्यावर काय क्रमाने घडतं ते तिथे उघड दिसतं. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. कोलकात्याची ट्राम मुंबईच्या आधी एक वर्ष सुरू झाली आणि खूप जास्त टिकली, पण तिथे ती एका दिवसात बंद झाली नाही, झिजत गेली. स्वतंत्र पट्ट्यातले रूळ काही ठिकाणी मोटारींच्या रस्त्यातच मिसळले आणि गाडी मोटारींच्या गर्दीत अडकू लागली. वेग गेला, मग प्रवासी गेले, मग फेऱ्या कमी झाल्या, आणि फेऱ्या कमी म्हणून मार्ग बंद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारसा मार्ग तेवढा ठेवून बाकी सेवा थांबवण्याचं जाहीर केलं. ट्रामचा मोठा खर्च रूळ, वरची तार आणि वीज उपकेंद्रं यांचा. गाड्या दहा धावोत की शंभर, तो ठरलेलाच. त्यामुळे गाड्या कमी केल्या की उरलेल्या प्रत्येक गाडीच्या डोक्यावरचा बोजा वाढतो.

बसला रूळ नाहीत, म्हणून फेरी कापली की खर्चही त्याच प्रमाणात कापला जाईल असं वाटतं. इथेच हिशेब चुकतो.

फेऱ्या कमी करणे

एका मिडी, म्हणजे मध्यम आकाराच्या, बसचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, आपल्या आगाराचे घालून पुन्हा मांडावेत. बस दिवसाला १६० किमी धावते. खर्च किलोमीटरला ६० रुपये, म्हणजे दिवसाला ९,६००. उत्पन्न किलोमीटरला ४२ रुपये, म्हणजे ६,७२०. तूट २,८८० रुपये. अशा दहा बस असतील तर महिन्याची तूट ८ लाख ६४ हजार.

आता चौथा हिस्सा फेऱ्या, म्हणजे ४० किमी, कापल्या. वाचलं काय? लिटरला ५ किमी धरलं तर डिझेल साधारण १८ रुपये किलोमीटर, वर टायर, तेल, सुटे भाग मिळून ४ रुपये. म्हणजे २२ रुपये किलोमीटर, एकूण ८८० रुपये. चालक-वाहकाचा पगार, विमा, आगाराचं वीजबिल, गाडीचा घसारा जिथल्या तिथे राहतो. कापलेल्या दुपारच्या फेऱ्या किलोमीटरला ३० रुपये आणत होत्या असं धरा. त्यातले निम्मे प्रवासी मागच्या-पुढच्या गाडीने गेले तर ६०० रुपये बुडाले आणि हातात राहिले २८०. सगळेच रिक्षाकडे वळले तर १,२०० बुडाले, म्हणजे तूट ३२० रुपयांनी वाढली. एवढ्यासाठी तासाला असलेली गाडी दीड-दोन तासांवर जाते, आणि एकदा वेळापत्रकावरचा भरवसा उडाला की सकाळचा प्रवासीही पास काढत नाही.

म्हणून कसोटी एकच ठेवावी: फेरीचं किलोमीटरमागे उत्पन्न डिझेल-टायरच्या खर्चापेक्षा, या उदाहरणात २२ रुपयांपेक्षा, कमी आहे का? तेवढ्याच फेऱ्या कापण्याजोग्या. नुसतं भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या ते, बघून कापू नका. भारमान मार्गाची सरासरी सांगतं. तिकीट मशीनमधून प्रत्येक फेरीचा आकडा निघतो, तो मागा. त्याआधी रिकामे किलोमीटर शोधा: आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि शेवटच्या थांब्यापासून परत रिकामी धावणारी गाडी. खेड्यातून सकाळी आलेली गाडी संध्याकाळपर्यंत उभी असेल तर मधल्या वेळात तिलाच शहर फेरी द्या, चालकाच्या कामाच्या तासांत बसत असेल तर. प्रवाशाला झळ न लागता पैसा वाचतो तो इथे.

भाडं वाढवणे

भाडं ३ टक्के वाढलं की साधारण १ टक्का प्रवासी कमी होतात, असा अमेरिकेतल्या शहरी वाहतुकीवरून निघालेला जुना ठोकताळा आहे. त्याप्रमाणे १० टक्के वाढीत उत्पन्न सहाएक टक्क्यांनी वाढायला हवं. आपल्या उदाहरणात दिवसाला ४०० रुपयांच्या आसपास. फेरीकपातीच्या वरच्या दोन्ही निकालांपेक्षा हे जास्त आहे.

पण शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यावर हा ठोकताळा पुरा लागू पडत नाही. रत्नागिरीत मारुती मंदिर ते बसस्टँड जाणाऱ्यासमोर शेअर रिक्षा उभी असते. सुट्या पैशांच्या सोयीसाठी १० चे १५ केले तर ती वाढ ५० टक्क्यांची होते आणि जवळचा प्रवासी तिथेच तुटतो. म्हणून पहिला टप्पा शक्यतो जागच्या जागी ठेवावा आणि वाढ लांबच्या टप्प्यांवर घ्यावी. दर दोन वर्षांनी थोडी वाढ ही पाच वर्षांनी एकदम केलेल्या वाढीपेक्षा बरी. एसटीने जानेवारी २०२५ मध्ये एकदम १४.९५ टक्के वाढ केली. बेस्टने २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं आणि मे २०२५ मध्ये ते एका झटक्यात दुप्पट, १० रुपये केलं. अशी उडी घरखर्चाच्या हिशेबात लगेच बोचते.

कंत्राटदाराकडे देणे

यात दोन प्रकार आहेत आणि सभेत ते नेहमी एकत्र मिसळले जातात. एकात तिकिटाचे पैसे कंत्राटदार ठेवतो. पालिकेला काही द्यावं लागत नाही, पण कमी उत्पन्नाच्या मार्गावर त्याची गाडी काही महिन्यांत दिसेनाशी होते. दुसऱ्यात तिकिटाचे पैसे पालिकेचे, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे दर. इथे सेवा नीट राहू शकते, पण हमी किलोमीटरचे, म्हणजे करारात ठरलेल्या किमान किलोमीटरचे, पैसे गाडी उभी राहिली तरी द्यावे लागतात. म्हणजे अनुदान कमी झालं म्हणून ज्या वाटेने निघालो, तिथे दरमहा न चुकणारं देणं अंगावर येतं. बिल दोन महिने थकलं की चालकांचा पगार थकतो आणि गाड्या थांबतात. मुंबईत भाडेतत्त्वावरच्या बसचालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा हाल प्रवाशांचे झाले.

ही वाट घ्यायचीच असेल तर करारात निदान एवढं हवं: तीन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, डिझेलच्या भावाशी जोडलेला दर, चुकलेल्या फेरीला दंड, आणि दहा गाड्यांमागे एक राखीव गाडी. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेवर आशा ठेवताना लोकसंख्येची अट वाचा. २०२३ ची ही योजना मुख्यतः ३ लाखांवरच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर सुमारे ७६ हजारांचं होतं.

बंद करणे

कागदावर तूट शून्य होते. पण शहर बस एसटीची असेल, तर तिच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत असते आणि तिची भरपाई राज्य सरकार करतं. बस गेली की ती सवलतही गेली. पूर्ण भाडं घरच्यांच्या खिशातून. रिक्षा मुख्य रस्त्यावर मिळते, पण चढणीच्या वाडीत रात्री नऊनंतर यायला दुप्पट मागते. रत्नागिरीचं रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावकडे आहे, तिथे उतरणाऱ्याला हे चांगलं कळतं. आणि थांबा, वेळ, परवाना, कर्मचारी हे सगळं एकदा मोडलं की पुन्हा उभं करायला नव्याने खर्च येतो.

चोरवाट: देखभाल ढकलणे

आमच्या मते पाचांत सर्वात घातक हीच, आणि कोकणात तर दुप्पट. खारा वारा आणि चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चाकांनी उडवलेला जांभ्याचा लाल चिखल चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यांत आणि पाट्यांच्या कमानींत (स्प्रिंगांत) बसतो, ओल धरून ठेवतो आणि गंज आतून खातो. मे महिन्यात गाडीची खालची बाजू धुऊन गंजरोधक थर द्यायचा राहिला, तर एक-दोन पावसाळ्यांत पायरीचा आणि चाकावरचा पत्रा हाताने दाबला तरी आत जातो. छताच्या सांध्याचं सीलंट राहिलं तर पाणी वायरिंगमध्ये उतरतं आणि ऐन पावसात वायपर आणि दिवे बंद पडतात. उतारावर ब्रेक लायनर सपाटीपेक्षा लवकर संपतात. ते वेळेवर बदलले नाहीत तर ड्रमवर चरे पडतात आणि लायनरच्या जोडीला ड्रमचाही खर्च येतो.

या वाटेचा पहिल्या वर्षीचा हिशेब फार छान दिसतो. दुसऱ्या वर्षी ब्रेकडाऊन वाढतात, रद्द फेऱ्या वाढतात, उत्पन्न घसरतं, आणि मग ‘लोकच बसने जात नाहीत’ असं म्हणून बंदचा प्रस्ताव येतो.

मग निवड कोणती?

तूट थोडी असेल तर आधी रिकामे किलोमीटर आणि उभ्या गाड्या, मग लांबच्या टप्प्यांवर छोटी भाडेवाढ, आणि शेवटी कसोटीत न बसणाऱ्या मोजक्या फेऱ्या. तूट मोठी असेल तर फाट्यावरचे मार्ग आखडावेत, पण मुख्य मार्गावरची वारंवारिता हलवू नये. फाट्यावर रिक्षा जोडता येते, मुख्य मार्ग तुटला की सगळं जाळं तुटतं. कंत्राट तेव्हाच, जेव्हा पालिकेकडे तीन वर्षांच्या रकमेची लेखी तरतूद असेल.

मतदानाआधी आगाराकडून चार कागद मागा: प्रत्येक फेरीचं किलोमीटरमागे उत्पन्न, रिकामे किलोमीटर, गेल्या बारा महिन्यांतल्या रद्द फेऱ्या कारणांसह, आणि सवलतीच्या भरपाईची येणं असलेली रक्कम. चौथा कागद आधी वाचा. भरपाई थकलेली असेल, तर तुटीतला तेवढा भाग प्रवाशामुळे आलेला नाही, आणि त्यासाठी फेरी कापण्याआधी मंत्रालयात पाठपुरावा करायला हवा.