तीनशे रुपयांचा पोचा

गाडीच्या टाकीवरचा पोचा केवढा, तर दोन रुपयांच्या नाण्याएवढा. दादा आठवडाभर पुण्याला गेला होता आणि त्याची स्प्लेंडर माझ्याकडे होती. डिसेंबरची थंडी, रात्री इंदूरच्या सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला गेलो, गाडी राजवाड्याच्या मागे लावली. परत येऊन बघतो तर शेजारची स्कूटर आमच्या गाडीवर रेललेली आणि तिच्या ब्रेकच्या दांडीचं टोक टाकीच्या उजव्या पोटात रुतलेलं. रंग उडाला नव्हता, नुसता खळगा पडला होता. उजेडात तिरकं धरलं तरच दिसेल असा. पण दादाला दिसणारच होता. तो गाडी पुसतो ती देव पुसावेत तशी.

ही गुरुवारची रात्र. दादा रविवारी येणार होता. तेव्हाच फोन करून सांगितलं असतं तर चार शब्द ऐकावे लागले असते, आणि हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

शुक्रवारी पलासियाला पार्किंगमध्ये गाडी काढत होतो, तर पाठीला सॅक लावलेला एक पोरगा जवळ आला. "भिया, डेंट निकाल दूँ? बिना पेंट, बिना ठोके. तीन सौ." मोबाइलवर व्हिडिओही दाखवला: गाडीच्या दारावरच्या पोच्यावर गरम गोंदाने प्लास्टिकची बटणं चिकटवायची, यंत्राने ओढायचं, पत्रा टुणकन बाहेर. ही पद्धत खोटी नाही, हे मुद्दाम सांगतो. कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल आणि पोचा उथळ असेल तर काम छान होतं. खोटा होता तो पोरगा.

"यहाँ लाइट नहीं है" म्हणत तो मला मालवा मिलच्या बाजूच्या एका गल्लीत घेऊन गेला. पत्र्याची शेड, आत दोन माणसं. मी काही बोलायच्या आत सीट निघाली, मागचा बोल्ट निघाला, पेट्रोल एका डबड्यात उतरवलं आणि टाकी आत गेली. "आधा घंटा, चाय पी आओ." मी खरंच चहा प्यायला गेलो. वर पोहेही खाल्ले.

परत आलो तेव्हा पोच्याच्या जागी तळहाताएवढा रंग घासून काढलेला आणि त्यावर राखाडी पुट्टी फासलेली. "आपका पेंट कच्चा था भिया, गोंद के साथ आ गया. अब तो पेंट ही करना पड़ेगा." रंग शोरूममधून गाडी आली तेव्हाचाच होता, दुसऱ्यांदा कधी लावलेलाच नव्हता. पण मी तिथे उभा नव्हतो, मग काय बोलणार? शनिवारी संध्याकाळी या, म्हणाले. गाडी तिथेच, सीट नसलेली, टाकी नसलेली, सोललेल्या कोंबडीसारखी.

शनिवारी हिशेब पुठ्ठ्यावर लिहून समोर आला. तीनशे होते ते 'एका पॉइंटचे'. बटण नऊ ठिकाणी लावलं, म्हणून सत्तावीसशे. पेंटचे पंधराशे वेगळे. एकूण 4,200. मी आवाज चढवला, तर आतला माणूस शांतपणे टाकी मांडीवर घेऊन बसला आणि फडक्याने पुसत राहिला. टाकी त्याच्याकडे, रविवार माझ्या मानगुटीवर. 3,400 वर तुटलं. पैसे फोनवरून भरले. समोर नाव आलं ते तिसऱ्याच कुठल्यातरी दुकानाचं. बिल मागितलं तर हसले. डबड्यातून परत ओतलेलं पेट्रोल मूळच्या निम्मंही नव्हतं, पण तेव्हा मी एवढा खचलो होतो की तेही सोडून दिलं.

दादा आला, म्हणाला, "धुतलीस वाटतं." मी हो म्हटलं.

बुधवारी त्याने टाकी फुल केली आणि गुरुवारी सकाळी वहिनी म्हणाली, "जिन्याखाली पेट्रोलचा वास येतोय." गाडी जिन्याखालीच असते. तिथून दोन पायऱ्यांवर तुळस, आणि तिच्यापुढे वहिनी रोज संध्याकाळी निरांजन लावते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असलं तरी पेट घ्यायला पुरतं. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की नव्या रंगाला बोराएवढा फोड आलाय आणि त्याखालून थेंब सुटतोय.

दादाला सगळं सांगितलं. तो काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. गाडी चालू न करता आम्ही ती ढकलत पाटणीपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या डेंटिंगवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी खिशातून लोहचुंबक काढलं, फ्रिजवर लावतात तसलंच. डाव्या बाजूला ते खटकन बसलं. उजवीकडे पोच्यापाशी आलं की गळून पडायचं. मग टाकी रिकामी करून त्यांनी पट्टीने पुट्टी खरवडली. ती जाड थरांत निघत गेली आणि खाली तीन भोकं दिसली.

गोंद लावलाच नव्हता. ड्रिलने भोकं पाडून त्यात स्क्रू अडकवायचा आणि सरकत्या हातोड्याने बाहेर ओढायचं, ही गाडीच्या दारासाठीची जुनी रीत. ती त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर वापरली आणि भोकं पुट्टीने बुजवली. टाकीत वाफ असताना ड्रिलची ठिणगी उडाली असती तर? त्या शेडमध्ये मी चहा पिऊन परत आलो, याचंच आता नवल वाटतं. टाकी अर्धी असेपर्यंत पेट्रोलची पातळी भोकांच्या खाली होती, म्हणून चार दिवस काही कळलं नाही. फुल केल्यावर पेट्रोल पुट्टीला भिडलं. पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पुट्टीला आणखी मऊ करतं. आणि रंग टू-के, म्हणजे पक्का होण्यासाठी वेगळं हार्डनर मिसळलेला, नव्हताच. चाचांनी पेट्रोलात भिजवलेला बोळा फिरवला, तर रंग मेंदीसारखा हाताला आला.

मूळ पोचा मी आधी त्यांच्याकडे नेला असता तर ते काय करणार होते, हेही विचारून घेतलं. म्हणाले, दांडीच्या टोकाने पत्रा ताणला गेला होता, शंभर टक्के निघालाच नसता. टाकीला आतून बोगदा असतो, मागून हात घालता येत नाही. गोंदाने सात-आठशेत पाऊण निघाला असता, नाहीतर "रहने देते, बेटा."

शेडवर परत गेलो. "कौन सी टंकी?" म्हणाले. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन केला, त्यांनी बिल विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण माझ्याकडे 3,400 भरल्याची एक नोंद आणि तिसऱ्याच दुकानाचं नाव, एवढंच. काम काय ठरलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. निदान पोच्याचा फोटो काढून त्याच फोनवर "बिना पेंट, एकूण 300" एवढा एक मेसेज त्या पोराला टाकून ठेवला असता, तरी काही हाताशी राहिलं असतं.

भोकं जोडून घेता आली असती, पण तुळशीपाशी ती जोखीम कोणालाच नको होती. नवी टाकी स्टिकरसकट साडेसहा हजारांना बसली, माझ्या खिशातून.

दादा आजही चावी देतो. फक्त आधी मोबाइल काढतो आणि टाकीचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतो.