न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी आणि माझी दुखरी पाठ : १४ महिन्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालण्यासाठी ज्या मावशी घरोघरी जातात, त्यांपैकी एका मावशींकडून मी गेले १४ महिने आठवड्यातून दोनदा अंग चोळून घेत आहे. माझे वय ५१ आहे, घरात बाळंतपण नाही, आणि अशा मावशींना स्वतःसाठी बोलवावे हे मला आपणहून कधीच सुचले नसते. आमच्या राजारामपुरीतल्या घराशेजारी एक सून बाळंतपणाहून आली, तिच्याकडे मावशींचे येणे-जाणे सुरू झाले, आणि एका सकाळी जिन्यात कठड्याला धरून उतरणाऱ्या मला पाहून त्यांनीच विचारले, “बाई, कंबर धरलीया व्हय?” त्या प्रश्नापासून ही सेवा सुरू झाली. माझ्यासारख्या अनेकींना तिचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून तिचे गुण आणि उणिवा दोन्ही येथे सविस्तर लिहीत आहे.

मला होणाऱ्या त्रासाला दुखणे म्हणावे की नाही, याविषयी मी स्वतःच बरीच वर्षे साशंक होते. माध्यमिक शाळेत २६ वर्षे उभे राहून शिकवल्यानंतर सकाळी पहिले पाऊल टेकताना टाचा ठणकतात, तिसऱ्या तासाला उजव्या खवाट्याखाली पाठ भरून येते, वह्या तपासताना मान अवघडते आणि रात्री कोणत्याही कुशीवर झोपले तरी कंबरेला जागा सापडत नाही. यांपैकी एकही त्रास असा नाही की ज्यासाठी रजा काढावी, आणि एकही असा नाही की जो दिवसभरात एकदा तरी पूर्णपणे थांबावा. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कण्याचा एक्स-रे हे सर्व झाले. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले, याचे समाधान वाटले. परंतु घाबरण्यासारखे काही नसतानाही अंग दुखतच राहते, तेव्हा माणूस हळूहळू घरात त्याविषयी बोलणे सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आणि त्यात तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले, हे मला फार उशिरा कळले. तपासणीत दोष सापडला नाही म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही, एवढे जरी मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तरी बराच मनस्ताप वाचला असता.

मावशींपूर्वी मी शहरातील एका उपचार केंद्रात दहा बैठकींचे पैसे आगाऊ भरले होते. तेथे पहिल्याच दिवशी ‘पूर्ण बरे करून देऊ’ असे सांगण्यात आले, दर वेळी वेगळी व्यक्ती आली, आणि आठव्या बैठकीनंतरही कंबर तशीच असल्याचे मी सांगितले तेव्हा आणखी दहा बैठकी घेण्याचा सल्ला मिळाला. त्या अनुभवानंतर मी मावशींना पहिल्याच भेटीत विचारले की याने माझे दुखणे जाईल का. त्या म्हणाल्या, “जायाचं न्हाई, बाई. दोन दिस हलकं वाटंल, मग परत येतंय ते. मग मी बी परत येतो.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’, ‘जातो’ असेच म्हणतात, त्यामुळे ते वाक्य मला अगदी घरचे वाटले. आजवर मला या विषयात मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते, आणि १४ महिन्यांत ते एकदाही खोटे ठरलेले नाही.

मंगळवार आणि शनिवार असे दोन दिवस ठरले आहेत. मावशी आल्यावर प्रथम हात धुतात, कडकडीत पाण्याच्या पातेल्यात तेलाची वाटी ठेवतात आणि तेल कोमट होईपर्यंत माझ्याशी बोलतात. तेल लाकडी घाण्याचे तिळाचे असते. ओवा आणि लसणाच्या चार पाकळ्या त्यात आधीच कढवून, गाळून त्यांनी ते बाटलीत भरून आणलेले असते. जेवून किती वेळ झाला, ताप-कणकण आहे का, कुठे नवे काही दुखते आहे का, हे तीन प्रश्न त्या प्रत्येक वेळी विचारतात, आणि जेवण होऊन तास झाला नसेल तर थांबतात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा, डोके, कान आणि पाय यांना तो विशेषकरून करावा, परंतु अजीर्ण असताना करू नये, असे सांगितले आहे. मावशींनी तो ग्रंथ पाहिलेला नाही. सासूकडून शिकलेली रीत म्हणून त्या हे पाळतात, आणि पायांपासूनच सुरुवात करतात.

जमिनीवर सतरंजी, तिच्यावर जुने सुती लुगडे, आणि मी पालथी. तळव्यांना त्या अंगठ्याने खालून वर असे सावकाश दाबत जातात, पिंढऱ्यांवर दोन्ही तळहात फिरवतात, कंबरेच्या दोन्ही बाजूंना मनगटाचा फुगीर भाग रोवून हलकेच वजन टाकतात, आणि पाठीवर आल्यावर कण्याला कधीही हात लावत नाहीत, त्याच्या दोन्ही अंगांनीच जातात. साधारण ५० मिनिटे चोळणे झाले की मिठाची गरम पुरचुंडी घेऊन दहा-पंधरा मिनिटे शेक देतात. पावसाळ्यात, जेव्हा कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि गादीसुद्धा दमट लागते, तेव्हा मिठाऐवजी निगडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात. शेवटी हरभऱ्याच्या पिठाने तेल पुसून काढतात आणि अंघोळ करून अर्धा तास पांघरुणात पडून राहायला सांगतात. हा अर्धा तास म्हणजे त्यांच्या कामाचाच भाग आहे असे त्या मानतात, आणि मी उठून स्वयंपाकाला लागले असे कळले तर नाराज होतात.

या सगळ्याने आराम का पडतो, हे मला समजून घ्यायचे होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये असे मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांच्या वाटेवर एक प्रकारचे फाटक असते, आणि स्पर्शाचे व दाबाचे संदेश तेथे पोहोचले की ते काही अंशी मिटते. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो, त्यामागे हेच कारण आहे. पुढे त्या मांडणीच्या तपशिलात पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ कल्पना टिकून आहे. दुसरी गोष्ट अशी की दुखणे दीर्घकाळ राहिले की मज्जासंस्थाच हळवी होत जाते, साधा ताणही तिला मोठा वाटू लागतो, आणि झोप कमी झाली, काळजी वाढली की हा हळवेपणा वाढतो. मंगळवारी रात्री मी सलग सहा तास झोपते आणि बुधवारी माझी पाठ तिसऱ्याऐवजी पाचव्या तासाला भरून येते, याचा अर्थ मी या दोन गोष्टींच्या आधारे लावते.

परंतु मला झालेला सर्वांत मोठा लाभ याहून निराळा आहे. दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत माझ्या टाचांवरून हात फिरवताना मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुमी डाव्या पायावर भार टाकून उभ्या ऱ्हाताय न्हवं? हिकडं घट्टा पडलाय, तिकडं न्हाई.” दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना मी स्वतःकडे लक्ष दिले, आणि खरोखरच सगळा भार डाव्या पायावर, उजवी कंबर बाहेर, उजवा खांदा कानाजवळ गेलेला, अशी मी उभी होते. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण इतक्या वर्षांत कोणी माझ्या दोन्ही टाचा एकापाठोपाठ हातात घेऊन पाहिल्या नव्हत्या. त्यानंतर मला एकेक गोष्ट उमगत गेली. वह्या तपासताना मी दातांवर दात दाबून धरते. चपलेचा अंगठा पायाच्या बोटांनी आवळून धरते. फोनवर बोलताना पोट आत ओढून घेते. मावशी पाठीवर हात ठेवून नुसत्या “सोडा” म्हणतात, आणि मग कळते की आपण काहीतरी धरून ठेवले होते.

अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिथिलीकरणाची एक पद्धत मांडली, तिचे सूत्र जवळपास हेच आहे. आता प्रचलित असलेल्या तिच्या रूपात एक स्नायूंचा गट काही क्षण आवळायचा, मग सोडायचा, आणि या दोन अवस्थांमधला फरक ओळखायला शिकायचे. मावशी ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी मी सतरंजीवर उताणी पडून, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून, पायांच्या बोटांपासून जबड्यापर्यंत हे करते. त्याला २० मिनिटे लागतात. संध्याकाळी जमले तर शालिनी पॅलेसच्या बाजूने रंकाळ्याकाठी चालते, आणि चालताना दोन्ही पायांवर भार सारखा पडतो आहे ना, हे अधूनमधून पाहते. झोपण्यापूर्वी रबरी पिशवीने शेकते. तिच्यात उकळते पाणी न भरता गरम पाणी दोनतृतीयांशच भरावे, हवा काढून टाकावी आणि कापडात गुंडाळूनच वापरावी. रोज एकाच जागी फार वेळ शेकले तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात, हे मी स्वतःच्या कंबरेवर पाहिले आहे, त्यामुळे आता १५ मिनिटांनंतर पिशवी बाजूला ठेवते.

आता उणिवा. मावशींच्या दृष्टीने बाळंतीण प्रथम, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे ठरलेली वेळ टळणे हे नित्याचेच समजावे. १४ महिन्यांत किमान वीस वेळा तरी येणे रद्द झाले, आणि त्यांपैकी निम्म्या वेळा ते आयत्या वेळी कळले. पावसाळ्यात तर त्यांचा वेळ नदीच्या हाती असतो, कारण त्यांचे घर पंचगंगेजवळच्या सखल गल्लीत आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की त्या भांडी-धान्य वर चढवू लागतात, आणि ४३ फुटांची धोका पातळी जवळ आली की कुटुंबासह नातेवाइकांकडे जातात. अशा दिवसांत त्यांना फोन करून आपल्या कंबरेविषयी बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. तेलाचा वास चादरींना धरतो, दोन वेळा धुतल्याशिवाय जात नाही. न्हाणीघराची फरशी तेलकट होऊन निसरडी होते, म्हणून मी दाराशी गोणपाट टाकून ठेवते.

एका बाबतीत माझा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद झाला. मान फार अवघडली असताना त्यांनी ती एका झटक्यात वळवून ‘शिर मोकळी’ करण्याची तयारी दाखवली, आणि मी नकार दिला. मानेला असा झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचितच घडते, पण घडले तर परिणाम अतिशय गंभीर असतात. त्यांनी माझे ऐकले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. अशी सेवा घेणाऱ्या प्रत्येकीने हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. तसेच एकाच पायाची पिंढरी अचानक सुजून दुखू लागली असेल तर ती कोणाकडूनही चोळून घेऊ नये, कारण तेथे रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी शेक घेताना विशेष काळजी घ्यावी, कारण भाजले तरी त्यांना कळत नाही. कंबरदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर ते मावशींचे काम नव्हे.

एका वेळचे ३५० रुपये मी देते, तेल त्यांचेच असते, आणि आगाऊ पैसे त्या घेत नाहीत. मी एकदा महिन्याचे एकदम देऊ केले तेव्हा “आलो तर द्या” असे म्हणून त्यांनी परत केले. त्यांचा फोन नंबर येथे देत नाही, कारण आहे त्या घरांनाच वेळ पुरत नाही असे त्यांनी मला सांगितले आहे. परंतु अशा मावशी शहराच्या प्रत्येक पेठेत आहेत. ज्या घरात पाळणा हलतो आहे तेथे चौकशी करावी, आणि पहिल्या भेटीत ‘दुखणे जाईल का’ हा प्रश्न अवश्य विचारावा. “नक्की जाईल” असे उत्तर आले, तर दुसरे घर शोधावे.

या आठवड्यात मावशींकडे दोन बाळंतिणी आहेत, त्यामुळे शनिवारीही त्या येणार नाहीत. तेलाची अर्धी बाटली त्यांनी शेजारच्या सुनेबरोबर पाठवली आहे, आणि आधी तळवे चोळायचे, मग पिंढऱ्या, असा निरोपही दिला आहे.