ट्रॉली-वखरवाल्यांनी ईआरपीनेक्स्ट घ्यावं का? वर्क ऑर्डरवर माल चढवायचा आमचा अनुभव

सरळ सांगतो, नुसतं बिल मारायला आणि जीएसटीला हे सॉफ्टवेअर घेऊ नका, त्यासाठी बाजारात सोपं सोपं भरपूर पडलेलं आहे. ईआरपीनेक्स्ट घ्यायचं तर एकाच कामासाठी घ्या, कोणत्या ऑर्डरवर किती लोखंड गेलं हे कळायला. आमचं दर्यापूर साइडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दिवाळीच्या आधी कापसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्यात सोयाबीनवाल्यांची बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्रं, मधे मधे वखर, डवरे, गेट, टिनाचं शेड, जे येईल ते. या धंद्यात पैसा भाव कमी सांगितला म्हणून बुडत नाही, तो बुडतो "भाऊ, एवढं करून द्या ना" मधे.

कापसाच्या ट्रॉलीचंच पाहा. ऑर्डर देताना माणूस साधी ट्रॉली सांगतो, भाव ठरतो, बयाणा देतो. चेसिस उभी झाली की एक दिवस येतो अन् म्हणतो फाळके, म्हणजे ट्रॉलीच्या बाजू, दोन फूट उंच करा, कापूस हलका असते, भरला की वर जाते. मग दोरी बांधायले हूक पाहिजे, मागे जास्तीचा टो-हूक पाहिजे. कारागीर काय करतो, रॅकवरून दोन अँगल उचलतो आणि लावतो. ५० बाय ५० बाय ६ एमएमचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे वीस फुटाची एक लेंथ २७ किलोच्या आसपास, दोन लेंथ गेल्या तर ५४ किलो लोखंड गेलं ज्याचा वहीत पत्ता नाही. पत्रा लागला तर विचारूच नका, ३ एमएमची आठ बाय चारची एक शीट ७० किलोची असते.

आता सॉफ्टवेअरमधे हे कसं होतं ते सांगतो. आधी बीओएम बनवायचं, म्हणजे एका ट्रॉलीला काय काय लागते त्याची यादी, लग्नाच्या किराण्याच्या यादीसारखी. त्यावरून वर्क ऑर्डर, म्हणजे त्या एका कामाचा कागद, काढली की लागणारा माल आपोआप खाली उतरतो. स्टार्ट दाबलं की स्टॉक एंट्री उघडते आणि माल स्टोअरमधून डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोग्रेस, चालू काम) वेअरहाऊसमधे जातो, म्हणजे कागदावर कामाच्या जागेवर. ट्रॉली झाली की फिनिश, तेव्हा डब्ल्यूआयपीतला माल खपतो आणि तयार ट्रॉली स्टॉकमधे येते, जेवढा माल खपला त्याच्या किमतीवरून ट्रॉलीची किंमत लागते. इथपर्यंत कोणालाही जमते.

मजा आहे ती वरच्या, म्हणजे यादीबाहेरच्या मालाची. एकदा सबमिट केलेलं बीओएम बदलत नाही, बदलायचं तर नवीन बनवावं लागते आणि त्याला पुढचा नंबर लागतो. तर एका गिऱ्हाईकाच्या फाळक्यासाठी नवीन बीओएम बनवत बसू नका, यादीचा उकिरडा होतो. स्टार्ट दाबल्यावर जी एंट्री उघडते तिच्यातच खाली नवीन ओळ टाकायची, अँगल, किती, कोणत्या वेअरहाऊसमधून, सबमिट. पूर्ण माल आधीच उचलून झाला असेल आणि पाहुणे मागाहून आले, तर फिनिशच्या एंट्रीत ओळ टाकायची आणि त्या ओळीला सोर्स वेअरहाऊस म्हणून स्टोअर द्यायचं, डब्ल्यूआयपी नाही. आमच्याकडे स्टोअरवरचा पोरगा बारावी आहे, त्याला हे दोन्ही जमून राहिलं, मोबाईलवरच करते तो, ब्राउझरमधे चालते.

पण राजेहो, एक सेटिंग आहे ती पाहिल्याशिवाय यातलं काहीच करू नका. मॅन्युफॅक्चरिंग सेटिंग्जमधे बॅकफ्लश रॉ मटेरियल्स बेस्ड ऑन असं लिहिलेलं असते, म्हणजे फिनिशला माल कशावरून खपवायचा, त्यात दोन पर्याय, एक बीओएम आणि दुसरा मटेरियल ट्रान्सफर्ड फॉर मॅन्युफॅक्चर. पहिल्यावर असलं तर फिनिशच्या वेळी सिस्टम फक्त यादीतला माल खपवते, तुम्ही स्टार्टला वरून चढवलेला अँगल तसाच डब्ल्यूआयपीत पडून राहतो. दुसऱ्यावर असलं तर जेवढा उचलला तेवढा खपतो. आमच्याकडे ज्या माणसानं हे बसवून दिलं त्यानं ते पहिल्यावरच ठेवलं होतं. आता ट्रॉलीवाल्याचं काम आणि बिस्किट फॅक्टरीचं काम यात फरक असते हे त्याला सांगायला पाहिजे होतं का आपण? पूर्ण सीझन सगळ्या ट्रॉल्यांची किंमत सारखी दिसली, उंच फाळक्याची तेवढीच आणि साधीची तेवढीच. डब्ल्यूआयपीत कागदावर ढीगभर अँगल आणि शॉपमधे जाऊन पाहावं तर एक तुकडा नाही. फोन केला की "पाहतो, पाहतो", पाहिलं काही नाही. शेवटी अकोल्याच्या एका ओळखीच्या अकाउंटंटनं सेटिंग दाखवली. सॉफ्टवेअरवाल्यांना यात दोष देत नाही, दोन्ही पर्याय कामाचे आहेत, फक्त बसवणाऱ्यानं एक प्रश्न विचारायला पाहिजे होता.

अदलाबदलीचं पण चांगलं आहे. सीझनमधे ५० चा अँगल संपला की कारागीर काही थांबत नाही, ६५ चा लावून मोकळा होतो. ६५ बाय ६५ बाय ६ मीटरला ५.८ किलो आहे, म्हणजे एका लेंथमागे आठ किलो जास्त गेलं ना बाप्पा. इथे अल्टरनेटिव्ह आयटम नावाचं आहे, आयटमला आणि बीओएमला परवानगीची टिक मारायची, कोणाच्या जागी कोण चालते ते एकदा लिहून ठेवायचं, मग एंट्रीत बटण दाबून बदलता येते. खपलेल्या मालात ६५ दिसते, ५० नाही, म्हणजे खरं दिसते.

किलो आणि फूट हा आपल्या धंद्यातला जुना झगडा. व्यापारी किलोनं देतो, कारागीर फुटानं कापतो. आयटममधे स्टॉकचं युनिट किलो ठेवा आणि फुटाचं कन्व्हर्जन टाका, ५० च्या ६ एमएम अँगलला फुटाला १.३७ किलो. मग बीओएममधे फूट लिहिलं तरी स्टॉकमधून किलो कमी होतात. पण हे आधीच ठरवा, कारण एकदा व्यवहार सुरू झाले की स्टॉकचं युनिट बदलू देत नाही, नवीन आयटम बनवावा लागते. आणि मिलचा माल कधी कधी टेबलापेक्षा हलका येतो, त्यामुळे काट्यावर टाकून एकदा खरं वजन पाहून घ्या, नाहीतर महिन्याच्या शेवटी स्टॉक रिकन्सिलिएशन, म्हणजे कागदावरचा आणि खरा साठा जुळवत बसाल.

आता त्रासाचं. अकोल्याहून गाडी संध्याकाळी माल टाकून जाते, बिल व्हॉट्सअॅपवर येते दोन दिवसांनी. इकडे कारागीर सकाळी कटर सुरू करते आणि सिस्टम म्हणते स्टॉकच नाही, एंट्री सबमिट होत नाही. यावर कोणी सांगेल निगेटिव्ह स्टॉक चालू करा, म्हणजे साठा शून्याच्या खाली जाऊ द्या. करू नका, पुढे किमतीचा सगळा चिवडा होतो. बिलाची वाट न पाहता पर्चेस रिसीट, म्हणजे माल आल्याची नोंद, मारून घ्या, बिल आलं की त्यावरून पर्चेस इनव्हॉइस बनते. गाडी उतरली की काट्याची चिठ्ठी आणि रिसीट, ही सवय स्टोअरवाल्याला लागली की हा त्रास संपला.

वेल्डिंग रॉड, थिनर, पॉलिश पेपर, ग्राइंडिंगच्या चकत्या असलं सटरफटर ऑर्डरवर चढवायच्या भानगडीत पडू नका, कोणत्या ट्रॉलीला किती रॉड जळले हे ब्रह्मदेवाला पण माहीत नाही. आम्ही ते आठवड्याला मटेरियल इश्यूनं, म्हणजे स्टॉकमधून कमी करायच्या एंट्रीनं, खर्चात टाकतो. नटबोल्टचं उलट, मोठे बोल्ट, बेअरिंग, बीबीएफची चेन आणि स्प्रोकेट यादीत पाहिजेच, कारण ते रॅकवरून गायब होणाऱ्यातले आहेत.

खर्चाचं विचाराल तर सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, त्याचे पैसे नाहीत, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे. पैसे लागतात सर्व्हरचे आणि बसवून देणाऱ्या माणसाचे. लाइट गेली की वर्कशॉपचा वायफाय गेला, मग मोबाईल डेटावर, आणि आमच्याकडे डेटा म्हणजे पाणीपुरवठ्यासारखा, येते तेव्हा येते. त्यामुळे दरवाजावर एक कच्ची वही ठेवलेलीच आहे, नेट आलं की पोरगा त्यावरून चढवते, पण त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर गेलं की अर्धं विसरते.

तुम्ही आणि एक वेल्डर, एवढंच दुकान असेल तर काहून डोक्याला ताप, वहीच बरी. चार-पाच कारागीर असतील, स्टोअरला कुलूप असेल आणि कुलपाची किल्ली एकाच्याच हातात असेल तर घ्या. बसवणारा आला की चहा देण्याआधी त्याला बॅकफ्लशची सेटिंग विचारा, नाव ऐकून गोंधळला तर दुसरा पाहा. आणि नवीनच व्हर्जन टाकायला लावा, त्यात काम झाल्यावर उरलेला माल वर्क ऑर्डरवरूनच स्टोअरला परत करायचं बटण आहे. उंच फाळक्यासाठी तीन लेंथ उचलल्या आणि एक उरली, ती परत चढवली नाही तर तिचेही पैसे त्याच ट्रॉलीवर लागतात, आणि गिऱ्हाईकाला हिशोब दाखवला की तो पहिल्यांदा तीच ओळ पकडतो.